नातवाची राणी, आजीची नव्हे

प्रश्न : आम्ही इंग्लंडमधील लेस्टर येथे राहतो. मी २०१४ साली लग्नानंतर येथे आले. आमचा मुलगा ऑक्टोबर २०१८ मध्ये येथेच जन्मला. येत्या २१ एप्रिलला दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या जन्माला शंभर वर्षे होत असल्याने त्याच्या शाळेने एक पानाचा गृहपाठ दिला आहे. ‘राणीची सत्तर वर्षे’ असा मथळा, खाली तीन रिकामे चौकोन आणि एकच प्रश्न : ‘राणीने देश अधिक चांगला कसा केला?’ माझ्या सासूबाई सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आहेत. त्यांचे वडील सातारच्या प्रतिसरकारात होते आणि त्यांनी तुरुंगवासही भोगला होता. ते पान पाहताच त्या मुलासमोर म्हणाल्या, “ज्यांनी आपल्याला दीडशे वर्षं लुटलं, त्यांचं कौतुक काय लिहितोस?” मुलगा गप्प झाला. रात्री अंथरुणात त्याने मला विचारले, “आई, ती आपली राणी होती का?” मला उत्तर देता आले नाही. शिवाय सत्तर वर्षांपूर्वी डायनोसॉर होते का, असेही त्याने विचारले, म्हणजे काळाचा हिशेबही जुळत नाही. त्याच्याकडून हे पान कसे लिहून घ्यावे, आणि घरातली कुरबुर कशी मिटवावी?
– एक आई, लेस्टर

उत्तर : आपल्या मुलाने अंथरुणात विचारलेला प्रश्न शाळेच्या पानावरील प्रश्नापेक्षा कितीतरी चांगला आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर पाहू. ते नेमके देता येते. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, ‘भारताचा सम्राट’ ही पदवी एलिझाबेथच्या वडिलांनी, म्हणजे सहाव्या जॉर्जने, १९४८ मध्ये सोडली आणि २६ जानेवारी १९५० रोजी आपण प्रजासत्ताक झालो. एलिझाबेथ गादीवर आली ती ६ फेब्रुवारी १९५२ रोजी, म्हणजे भारताची राणी ती एक दिवसही नव्हती. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा असेल, तर त्या पहिल्या श्वासापासून प्रजासत्ताकाच्या नागरिक आहेत. आपण २०१४ मध्ये तिच्या देशात राहायला गेलात, पण गेलात त्या भारताच्या नागरिक म्हणून. आपला मुलगा मात्र तेथेच जन्मला आणि ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी गेली तेव्हा तो चार वर्षांचाही झाला नव्हता. जेमतेम ती चार वर्षे ती त्याच्या देशाची राणी होती. तेव्हा त्याला सरळ सांगावे : “तुझी होती, आजीची कधीच नव्हती.” साडेसात वर्षांच्या मुलाला अशी चमत्कारिक पण खरी गोष्ट फार आवडते. मला वाटते, त्याच्या पानावरचे पहिले वाक्यही हेच असावे.

सासूबाईंच्या बोलण्याकडे येऊ. त्यांचा राग चुकीचा नाही, फक्त त्याचा पत्ता थोडा चुकला आहे. १९४२ साली एलिझाबेथ सोळा वर्षांची राजकन्या होती. मुलाच्या पणजोबांना तुरुंगात टाकणारे सरकार तिच्या वडिलांच्या नावाने चालत होते. दोन्ही गोष्टी मुलाला एकाच दमात सांगता येतात आणि त्यातली कोणतीही लपवण्याचे कारण नाही. “पणजोबा राणीच्या बाबांच्या राज्याविरुद्ध लढले, कारण आपला कारभार आपण करावा असे त्यांना वाटत होते” हे वाक्य त्याला पुरेपूर कळेल. हे त्याला आजीने सांगावे, आपण नव्हे, आणि जेवणाच्या ताटावर टोमणा म्हणून नव्हे तर निवांत बसून, गोष्ट म्हणून सांगावे. मूल गप्प झाले ते इतिहासामुळे नव्हे. आजी आणि बाई यांपैकी एकीची बाजू घ्यावी लागणार, असे त्याला वाटले म्हणून. तशी बाजू घ्यायची नसते, हे त्याला घरातल्या मोठ्यांच्या वागण्यातूनच कळणार आहे.

राणीच्या उल्लेखाने आपल्या घरात आणखी एक घोळ होण्याचा संभव आहे, म्हणून जाता जाता सांगते. सासूबाई ज्या ‘राणीच्या बागे’विषयी बोलतील, किंवा लक्ष्मीपूजनाला जो राणीछाप रुपया मांडत असतील, ती राणी व्हिक्टोरिया. एलिझाबेथची ती खापरपणजी. नातू आणि आजी दोन वेगळ्या राण्यांवरून वाद घालीत आहेत, असे दृश्य आपल्या घरी दिसले तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

आता डायनोसॉरचा प्रश्न. या वयाच्या मुलांना ‘सत्तर’ हा आकडा येतो, सत्तर वर्षे येत नाहीत. मी अनेक वर्षे दुसरी-तिसरीच्या वर्गाला शिकवले आहे. ‘फार पूर्वी’ या एकाच पोत्यात रामायण, शिवाजी महाराज आणि बाबांचे लहानपण ही सर्व भरलेली असतात. फळ्यावर काळाची रेघ ओढून हे पोते रिकामे होत नाही. ते पायांनी रिकामे होते. एखाद्या कोरड्या रविवारी मुलाला मागच्या अंगणात किंवा जवळच्या बागेत न्यावे आणि पावलाला पाऊल लावून, टाच चवड्याला टेकवत, सत्तर पावले मोजायला लावावीत. एक पाऊल म्हणजे एक वर्ष. आरंभी एक दगड ठेवावा आणि म्हणावे, “हे १९५२, राणी येथे पंचवीस वर्षांची आहे.” दोन पावलांवर आजीच्या जन्माचा दगड (सासूबाईंचे वय मी अदमासाने बहात्तर धरले आहे, नेमके वर्ष आपण घालावे). आजी तेथून पुढे चालत राहील : शाळा, लग्न, मुलाच्या बाबांचा जन्म. वीस पावलांवर १९७२ येते. त्या वर्षी युगांडातून हाकलून दिलेली हजारो आशियाई कुटुंबे ब्रिटनमध्ये आली आणि त्यांतली अनेक लेस्टरला स्थिरावली, जरी लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडातील वृत्तपत्रात ‘येथे येऊ नका’ अशी जाहिरात दिली होती. आपल्या शेजारी किंवा ओळखीत त्या वेळी आलेल्या एखाद्या गुजराती आजी असतील, तर तो दगड त्यांच्या हातून ठेवून घ्यावा. बासष्ट पावलांवर आपण विमानातून उतरता. सहासष्ट पावलांनंतर मुलगा जन्मतो आणि उरलेली चार पावले राणी आणि तो बरोबर चालतात.

हे झाल्यावर त्याला मागे वळून पाहायला सांगावे आणि काही बोलू नये. इतक्या लांबवर असलेला पहिला दगड आणि पायाशी असलेली आपली चार पावले पाहून मुले जे बोलतात, ते खरे चिंतन. आपण सुचवलेले नव्हे. ते बोलणे तसेच्या तसे एखाद्या कागदावर टिपून ठेवावे, कारण पान लिहिताना तेच उपयोगी पडेल.

आपण लेस्टरला राहता, याचा एक फायदा घ्यावा. तेथल्या प्रत्येक मुलाला वाहनतळाखाली सापडलेला राजा ठाऊक असतो. तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये सापडला आणि २०१५ मध्ये लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन झाले. त्याने राज्य केले दोन वर्षे आणि दोन महिने, म्हणजे दोन पावले आणि वर एक अंगठा. मग आजीला विचारावे, शिवाजी महाराज राज्याभिषेकानंतर किती वर्षे होते? १६७४ ते १६८०, सहा पावलेही पुरी नाहीत. राज्य लांबले म्हणजे मोठे झाले असे नाही, ही गोष्ट मुलाला त्या सहा पावलांवर उभे राहून जशी समजेल, तशी माझ्या कोणत्याही वाक्याने समजणार नाही. सासूबाईंचा चेहराही तेथे खुलेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरे साधन आपल्या घरातल्याच एखाद्या बरणीत पडलेले असेल. एक आणि दोन पेन्सची तांबडी नाणी टेबलावर ओतावीत आणि मुलाला राणीचे निरनिराळे चेहरे शोधायला सांगावेत. १९७१ पासूनच्या या नाण्यांवर तिचे चार चेहरे सापडतात. १९८४ पर्यंतच्या नाण्यांवर मुकुटपट्टी घातलेली तरुणी आहे, १९८५ पासून गळ्यात हार आणि कानात डूल असलेली प्रौढ स्त्री आहे, १९९८ पासून जरा थकलेली आणि २०१५ पासून आजी म्हणावी अशी. वर्ष चेहऱ्याच्याच बाजूला कोरलेले असते, त्यामुळे मुलाला ते वाचून नाणी ओळीने लावता येतात. सगळ्या नाण्यांवर ती उजवीकडे पाहते. राजा चार्ल्सचे नाणे सापडले तर तो डावीकडे पाहताना दिसेल, कारण प्रत्येक नव्या राजाने वा राणीने आधीच्याच्या उलट दिशेला पाहावे, असा तेथे फार जुना प्रघात आहे.

नाणी हातात असतानाच सासूबाईंना बोलवावे. १९८१ पर्यंतच्या त्या नाण्यांवर ‘न्यू पेनी’, ‘न्यू पेन्स’ असे शब्द आहेत. १९७१ पूर्वी एका पौंडाचे २४० पेन्स होत असत. त्या वर्षी ते शंभर झाले आणि जुन्या-नव्याचा गोंधळ होऊ नये म्हणून नाण्यावर ‘नवा’ असे लिहावे लागले. हे आपल्याकडे १९५७ मध्येच घडून गेले होते. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९६४ पर्यंत नाण्यांवर ‘नये पैसे’ असेच छापले जात होते. सासूबाईंचे बालपण त्याच वर्षांतले. चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, आठ आणे म्हणजे पन्नास, हा हिशेब त्यांनी वाण्याच्या दुकानात केलेला असणार, आणि या बाबतीत आपण इंग्रजांच्या चौदा वर्षे पुढे होतो, हे नातवाला सांगताना त्यांना कोण आनंद होईल!

चार चेहरे ओळीने लावून झाल्यावर मूल एखादे वेळी आजीकडे पाहील आणि काही विचारील, किंवा विचारणार नाही. विचारले तर उत्तर टाळू नये. राणी शहाण्णव वर्षांची होऊन गेली, माणसे म्हातारी होतात आणि जातात, आणि आजी आज येथे चहा पीत बसली आहे, एवढे पुरे.

इतके झाल्यावर मगच शाळेच्या प्रश्नाला हात घालावा. ‘राणीने देश अधिक चांगला कसा केला?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले आहे. मुलाने फक्त तीन फुले वाहायची आहेत. शिक्षिकेचा हेतू वाईट नसतो, तीस मुलांचा वर्ग आणि वेळेची ओढ असली की असे चौकोन तयार होतात. मीही असले चौकोन पुष्कळ काढले आहेत आणि आज त्यांची लाज वाटते. अडचण अशी की या प्रश्नाने मुले सत्तर वर्षांत जे जे घडले ते ते राणीच्या खात्यावर जमा करतात. आटपाट नगराच्या गोष्टी ऐकलेल्या मुलाच्या दृष्टीने राजा बोले, दळ हाले. तेथे तर उलटा कारभार होता : दळ बोले आणि राणी सही करी. कायदे संसदेने करायचे, राज्य पंतप्रधानाने चालवायचे आणि राणीने संमतीची सही करायची. आपल्या राष्ट्रपतींचे काम सासूबाईंना माहीत असल्याने ही गोष्ट त्या चांगली समजावतील. फरक एवढाच की राष्ट्रपती निवडले जातात आणि राणीला कोणी निवडले नव्हते. काकाने १९३६ मध्ये गादी सोडली म्हणून वडील राजे झाले आणि भाऊ नव्हता म्हणून थोरली मुलगी वारस झाली. भाऊ जन्मला असता तर तो धाकटा असूनही राजा झाला असता. हा नियम २०१३ च्या कायद्याने बदलला. वर्गातल्या मुलींना हे सांगून पाहावे, चर्चा आपोआप पेटते.

यासाठी मी वर्गात जो खेळ घेत असे, तो घरी सहज होतो. दहाबारा चिठ्ठ्या कराव्यात. एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी लंडनला पोहोचली, नेमकी राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, २ जून १९५३ रोजी. माणूस चंद्रावर उतरला, १९६९. पौंडाचे शंभर पेन्स झाले, १९७१. राणीने ईमेल पाठवला, १९७६. समुद्राखालून फ्रान्सला जाणारा बोगदा सुरू झाला, १९९४. राणी आठवड्यातून एकदा पंतप्रधानांना भेटत असे. असे पंधरा पंतप्रधान झाले, आणि त्यांतले पहिले चर्चिल १८७४ साली जन्मले होते तर शेवटच्या लिझ ट्रस १९७५ साली. शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या माणसांना राणीचे शुभेच्छापत्र जात असे. मग जमिनीवर दोन जागा कराव्यात, ‘राणीने केले’ आणि ‘राणी असताना झाले’, आणि मुलाला चिठ्ठ्या वाटायला सांगाव्यात. चंद्र झटकन दुसरीकडे जातो. बोगद्याशी मात्र मूल अडते. राणी तेथे गेली होती, फ्रान्सच्या अध्यक्षांबरोबर तिने त्याचे उद्घाटन केले, पण तो खणला दुसऱ्यांनीच. बहुतेक मुले येथे स्वतःहून तिसरा ढीग मागतात. माझ्या एका विद्यार्थ्याने त्याला ‘फक्त फीत कापली’ असे नाव दिले होते. (आमच्या चिठ्ठ्यांवर तेव्हा गावच्या पुढाऱ्यांची नावे होती, ते सोडा.) तो ढीग तुच्छतेने पाहण्यासारखा नाही. सत्तर वर्षे न कंटाळता ठरल्या वेळी हजर राहणे, कोणत्या पक्षाला मत द्यावे याविषयी जाहीरपणे अवाक्षर न काढणे आणि न आवडणाऱ्या माणसांशीही सभ्यपणे बोलणे हेही कामच आहे. ते पुरेसे होते का, आणि त्यासाठी राणीच हवी होती का, यावर इंग्लंडातल्या मोठ्या माणसांचेही एकमत नाही, आणि तसे मुलाला सांगायला हरकत नाही.

एक छायाचित्र जरूर दाखवावे. एप्रिल २०२१ मध्ये राणीच्या पतीचा अंत्यविधी विंडसरच्या प्रार्थनामंदिरात झाला, तेव्हा साथीच्या नियमांमुळे ती काळा मुखपट्टा लावून, बाकावर अगदी एकटी बसली होती. नियम सर्वांना होते, तसे तिलाही होते. आपला मुलगा त्या वेळी अडीच वर्षांचा होता आणि तेव्हा त्याचे आजी-आजोबा त्याला कसे भेटत होते, किंवा भेटू शकत नव्हते, ते आपण त्याला सांगू शकता. मुलांना राणीविषयी काही वाटायचे असेल तर ते मुकुटापेक्षा अशा बाकापाशी वाटते.

अवघड गोष्टी किती सांगाव्यात, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण सासूबाई तो काढतीलच. जालियनवाला बागेबद्दल या वयाला एवढे सांगता येते : राणीचे आजोबा राजे असताना, १९१९ मध्ये, तेथे निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९९७ मध्ये राणी तेथे गेली, तिने पादत्राणे काढून पुष्पचक्र वाहिले, ती स्तब्ध उभी राहिली, पण तिने क्षमा मागितली नाही. ‘सॉरी’ म्हणणे आणि नुसते गप्प उभे राहणे यांतला फरक साडेसात वर्षांच्या मुलाइतका कोणालाच कळत नाही. “तिने म्हणायला हवे होते का?” असे विचारून त्याचे उत्तर ऐकून घ्यावे. केनियाचे प्रकरण मात्र मी दहा-अकरा वर्षांपर्यंत थांबवीन. ज्या देशात असताना ती राणी झाली, तेथेच त्याच वर्षी आणीबाणी लागली आणि माणसांचे फार हाल झाले. ब्रिटिश सरकारने त्याबद्दल खेद व्यक्त करून पाच हजारांहून अधिक लोकांना भरपाई दिली ती २०१३ मध्ये. तसेच वेल्समधील ॲबरफॅनचेही. १९६६ मध्ये तेथे कोळशाच्या खाणीतील गाळाचा ढिगारा शाळेवर कोसळून ११६ मुले आणि २८ मोठी माणसे दगावली आणि राणी तेथे गेली ती आठ दिवसांनी. मोठ्या मुलांशी ‘उशीर’ या विषयावर बोलायला याहून बोलके उदाहरण नाही, पण रोज सकाळी शाळेच्या इमारतीत शिरणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला ते सांगू नये.

आता राहिले ते पान. शिक्षिकेला दोन ओळींची चिठ्ठी लिहावी की मुलाने घरी आजीबरोबर बराच शोध घेतला आहे आणि तीन चौकोनांत ‘राणीने केले’, ‘राणी असताना झाले’ आणि ‘मला प्रश्न पडला’ असे लिहिले तर चालेल का. तक्रारीचा सूर नसावा. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात या वयाच्या मुलांना माणसांच्या आठवणीतल्या काळात झालेले बदल शिकवायचेच असतात, त्यामुळे बहात्तर वर्षांची आजी वर्गात चालून येणार असेल तर बहुतेक शिक्षिकांना ते हवेच असते. सासूबाईंना इंग्रजीचा संकोच असेल तर त्या मराठीत बोलतील आणि नातू भाषांतर करील. त्यांनी सोबत राणीछाप रुपया आणि एखादा नवा पैसा न्यावा.

लिहिताना पेन्सिल मुलाच्याच हातात राहू द्यावी आणि शुद्धलेखनाच्या चुका तशाच जाऊ द्याव्यात. आईचे वाक्य कोणते आणि मुलाचे कोणते, हे शिक्षिकेला पहिल्या ओळीतच समजते.